'उन्हाळी लागलीय' म्हणून सोडून देऊ नका

"आत्या, लघवीला खूप जळजळतंय गं. काय करू?"

हुबळीच्या वसतिगृहातून भाचीचा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. एप्रिल महिना, बाहेर रणरणते ऊन आणि तिची परीक्षा तोंडावर आलेली. तव्यावरच्या भाकरीकडे बघत मी म्हणाले, "उन्हाळी लागली असेल. पाणी पी भरपूर. धणे-जिऱ्याचं पाणी घे." मग तिने गोकाकला आपल्या अज्जीला फोन लावला. अज्जी म्हणाली, "उष्ण आगेती. हवीज नीर कुडी." हवीज म्हणजे आपले धणेच. दोन घरांतून, दोन भाषांतून, तिला औषध एकच मिळाले.

त्यानंतर बाराव्या दिवशी तिच्या पाठीतून नळी घालून मूत्रपिंडाजवळ साचलेला पू काढावा लागला.

भाची आज ठणठणीत आहे. तिच्या परवानगीने हे लिहीत आहे. नाव मात्र देत नाही. "लिही आत्या," ती म्हणाली, "आमच्या वसतिगृहातल्या निम्म्या मुलींना हे होतं आणि कुणीच कुणाला सांगत नाही."

मधल्या बारा दिवसांत काय झाले? पहिल्या दिवशी आम्ही दोघींनी धणे सांगितले. दुसऱ्या दिवशी खोलीतल्या मैत्रिणीने स्वतःच्या जुन्या आजारातल्या उरलेल्या तीन गोळ्या दिल्या. जळजळ थांबली. सगळे विसरले. सहाव्या दिवशी संध्याकाळी तिला हुडहुडी भरून ताप आला. उजव्या बाजूला, बरगडीच्या खाली पाठीकडे दुखू लागले, उलट्या झाल्या. जागरणाने पित्त झाले असेल, असे सगळ्यांना वाटले. जवळच्या दवाखान्यात नेले तेव्हा सोबत वसतिगृहाच्या बाई होत्या, डॉक्टर पुरुष होते. लाजेने तिने 'ज्वर' आणि 'वांती' एवढेच सांगितले. लघवीचे सांगितलेच नाही. डॉक्टरांनीही विचारले नाही. दोन दिवस तापाच्या गोळ्यांवर गेले. आठव्या दिवशी दादा-वैनी तिला बेळगावला घेऊन आले आणि रुग्णालयात दाखल केले. सलाइनमधून औषध सुरू झाले, पण तीन दिवस झाले तरी ताप उतरेना. तेव्हा स्कॅन केला आणि मूत्रपिंडात गळू झालेले दिसले.

एकोणीस वर्षांची, कोणताही आजार नसलेली मुलगी. आम्हाला वाटायचे, असले काही म्हाताऱ्या माणसांना होते.

ब्राझीलमधील एक घटना

लघवीचा संसर्ग किती टोकाला जाऊ शकतो, हे २००९ साली जगभरच्या वर्तमानपत्रांनी छापले होते. मारियाना ब्रिडी ही ब्राझीलमधील वीस वर्षांची मॉडेल. मिस वर्ल्ड स्पर्धेसाठी त्या देशात होणाऱ्या निवडीत ती अंतिम फेरीपर्यंत पोहोचली होती. डिसेंबर २००८ च्या अखेरीस ती आजारी पडली. सुरुवातीला मूतखडा असावा असा समज झाला. प्रत्यक्षात मूत्रमार्गातला संसर्ग रक्तात उतरला होता. स्यूडोमोनास नावाचे, अनेक औषधांना दाद न देणारे जंतू त्यामागे होते. रक्तदाब कोसळला, हातापायांचा रक्तपुरवठा बंद पडला. जीव वाचवण्यासाठी डॉक्टरांना तिचे हात आणि पाय कापावे लागले. तरीही २४ जानेवारी २००९ रोजी ती गेली.

अशी घटना अतिशय विरळा असते, हे आधी स्पष्ट सांगायला हवे. लघवीचा संसर्ग झालेल्या बहुतेक तरुण मुली योग्य औषधाने काही दिवसांत पूर्ण बऱ्या होतात. जळजळ झाली म्हणून घाबरून रात्रीची झोप घालवण्याचे कारण नाही. पण या विरळा घटनांपर्यंत जाणारी वाट कोणती, ती कुठे अडवता येते, हे प्रत्येक घराला माहीत असले पाहिजे.

शरीरात घडते काय?

आपण 'उन्हाळी' म्हणतो, कन्नडमध्ये 'उरिमूत्र' म्हणतात. कन्नड शब्दात जळजळीचाच उल्लेख आहे. आपल्या शब्दात उन्हाळा शिरल्याने सगळा दोष उन्हावर जातो. उन्हाचा वाटा आहे, नाही असे नाही. घाम जास्त, पाणी कमी, म्हणून लघवी कमी आणि गडद होते. तेवढ्यानेही थोडी जळजळ होऊ शकते. पाणी प्यायल्यावर ती थांबते. पण वारंवार लघवीला लागणे, घाई होणे, ओटीपोट दुखणे, लघवी गढूळ किंवा लालसर होणे, ही लक्षणे जोडीला आली की बहुधा जंतू शिरलेले असतात.

हे जंतू बाहेरून कुठून येत नाहीत. बहुतेक वेळा ते आपल्याच आतड्यातले ई. कोलाय असतात. थिओडोर एशेरिच या बालरोगतज्ज्ञाने १८८५ साली ते शोधून काढले. साध्या संसर्गाच्या चारांपैकी सुमारे तीन प्रकरणांमागे हेच असतात. स्त्रियांची मूत्रनलिका अवघी चार सेंटिमीटर लांब असते, पुरुषांची सुमारे वीस. शिवाय स्त्रियांमध्ये गुदद्वार जवळ. म्हणून हा त्रास मुलींना जास्त होतो. यात अस्वच्छतेचा किंवा चारित्र्याचा काही प्रश्न नाही. लग्नानंतर पहिल्या काही महिन्यांत तो अनेकींना होतो, कारण शरीरसंबंधाच्या वेळी जंतू आत सरकतात. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

अनुकूल परिस्थितीत ई. कोलायची संख्या साधारण वीस मिनिटांत दुप्पट होते. लघवीला जाऊन येणे म्हणजे मूत्राशय धुऊन काढणेच. जी मुलगी सकाळी आठला निघून दुपारी चारपर्यंत लघवी रोखून धरते, तिच्या मूत्राशयात जंतूंना आठ तास मोकळे रान मिळते. हे जंतू सूक्ष्म केसांसारख्या तंतूंनी आतल्या भिंतीला चिकटतात आणि त्यांतले काही वर चढून मूत्रपिंडापर्यंत जातात. हृदयाने बाहेर टाकलेल्या रक्तापैकी सुमारे पाचवा हिस्सा मूत्रपिंडांतून फिरतो. म्हणून तिथला संसर्ग रक्तात उतरायला वेळ लागत नाही.

दुखणे खाली आहे की वर, हा या आजारातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. खाली, म्हणजे मूत्राशयात असेल तर जळजळ होते पण सहसा मोठा ताप नसतो. थंडी वाजून ताप, बरगडीखाली पाठीकडे दुखणे, मळमळ-उलट्या सुरू झाल्या की संसर्ग वर गेला, असे समजावे. मग धण्याचे पाणी नाही, डॉक्टर.

विरळा, पण तरुणांनाही होणारे

मूत्रपिंडातले गळू हा त्यांतला एक प्रकार. योग्य औषध सुरू करून तीन दिवसांत ताप उतरत नसेल तर डॉक्टर सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन करून गळू किंवा अडथळा शोधतात. गळू लहान असेल तर औषधाने विरते, मोठे असेल तर नळी घालून पू काढावा लागतो. भाचीच्या बाबतीत असेच झाले.

दुसरा प्रकार मूतखड्याचा. मूत्रपिंडातून येणाऱ्या वाहिनीत खडा अडकला, मागे लघवी तुंबली आणि त्यातच जंतू वाढले, तर मूत्रपिंड पुवाची पिशवी बनते. नुसत्या औषधाने हे आटोक्यात येत नाही. तातडीने स्टेंट किंवा नळी घालून वाट मोकळी करावी लागते. ज्याला मूतखडा आहे हे माहीत आहे, त्याला कळा येत असताना थंडी-ताप आला तर सकाळ होण्याची वाट पाहू नये. त्याच रात्री रुग्णालय गाठावे.

तिसरा प्रकार मधुमेहींचा. रक्तात साखर जास्त असली की काही जंतू ती आंबवून वायू तयार करतात आणि मूत्रपिंडात चक्क हवेचे बुडबुडे दिसू लागतात. असे बहुतेक रुग्ण मधुमेही असतात. पूर्वी मूत्रपिंड काढून टाकावे लागे. आता स्कॅनमुळे लवकर समजते आणि अनेकांचे मूत्रपिंड नळी व औषधांनी वाचवता येते. मधुमेह आता विशी-तिशीतही सापडतो. वारंवार लघवीचा संसर्ग होणाऱ्या तरुणाची साखर एकदा तपासायलाच हवी.

चौथा प्रकार गर्भवतींचा. पोटातल्या बाळाचा दाब आणि संप्रेरकांमधील बदल यांमुळे लघवीचा प्रवाह मंदावतो. काही गर्भवतींच्या लघवीत जंतू असतात पण त्रास काहीच नसतो. उपचार न केल्यास त्यांच्यापैकी अनेकींचा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोहोचतो आणि वेळेआधी बाळंतपण होण्याचा धोका वाढतो. म्हणून सुरुवातीच्या महिन्यांतच लघवीची कल्चर तपासणी करून घेतात. पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या लेकीची सगळी फाइल सोबत आली आहे ना, हे आईने आवर्जून पाहावे. सासरी एका डॉक्टरकडे झालेली तपासणी माहेरच्या डॉक्टरांना माहीत नसते.

पाचवा प्रकार लहान मुलांचा. काही मुलांमध्ये मूत्राशयातली लघवी उलटी वर मूत्रपिंडाकडे जाते. लघवीच्या संसर्गाने ताप आलेल्या मुलांपैकी साधारण तिघांत एकाला हा दोष आढळतो. बहुतेकांचा तो वाढत्या वयात जातो. पण वारंवार संसर्ग झाल्यास मूत्रपिंडावर व्रण राहतात आणि त्यांतून काहींना तरुणपणी रक्तदाबाचा त्रास सुरू होतो. तान्ह्या बाळाला खोकला नाही, सर्दी नाही, नुसताच ताप आहे, तर डॉक्टर लघवी तपासायला सांगतात ते यासाठीच. 'एवढ्याशा बाळाची लघवी कशाला?' असे म्हणू नये. एक वर्षाच्या आतल्या मुलग्यांनाही हा संसर्ग होतो.

मुलग्यांवरून आठवले. तरुण पुरुषांना लघवीचा संसर्ग क्वचित होतो. म्हणूनच झाला तर त्याचे कारण शोधावे लागते. खडा असेल, रचनेतला दोष असेल किंवा लैंगिक संबंधातून आलेला संसर्ग असेल. प्रोस्टेट ग्रंथीत किंवा अंडकोशात संसर्ग पसरून गळू होऊ शकते. पण आमची मुले मित्राला विचारतील, औषधाच्या दुकानात विचारतील, घरात तोंड उघडणार नाहीत. वडिलांनी एकदा विषय काढून ठेवलेला बरा.

आणि एक आपल्या देशातली गोष्ट. लघवीत पू-पेशी वारंवार दिसतात, औषधांचा उपयोग होत नाही आणि साध्या कल्चरमध्ये काहीच वाढत नाही, असे असेल तर मूत्रमार्गाच्या क्षयरोगाचा विचार करावा लागतो. त्याची तपासणी वेगळी, उपचार अनेक महिन्यांचे. पण वेळेत ओळखला तर तो बरा होतो.

उरलेल्या तीन गोळ्या

भाचीच्या आजारात मला सर्वांत जास्त खटकल्या त्या मैत्रिणीच्या तीन गोळ्या. बिचारीने प्रेमानेच दिल्या. पण पुढे कल्चरचा अहवाल आला तेव्हा कळले की त्या औषधाला हे जंतू दादच देत नव्हते. काही काळ जळजळ कमी झाली आणि आम्ही सगळे गाफील राहिलो.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. नायट्रोफ्युरँटॉइनसारखे औषध मूत्राशयातल्या संसर्गावर चांगले चालते, पण मूत्रपिंडाच्या पेशींमध्ये ते पुरेसे पोहोचत नाही. म्हणजे 'मागच्या वेळी याच गोळीने बरं वाटलं' हा हिशोब याही वेळी जुळेलच असे नाही.

प्रतिजैविके डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, असा नियम आहे. २०१४ मध्ये अमलात आलेल्या 'एच-१' अनुसूचीनुसार त्यांतल्या काही महत्त्वाच्या औषधांच्या विक्रीची नोंद रुग्णाच्या आणि डॉक्टरांच्या नावासह दुकानदाराने ठेवायची असते. २०१६ पासून औषधाच्या पाकिटावरील लाल रेघेचा अर्थ लोकांना समजावण्याची मोहीम केंद्र सरकारने हाती घेतली. ती रेघ दिसली की चिठ्ठीशिवाय गोळी घ्यायची नाही. घरातले पाकीट एकदा उघडून बघा, रेघ दिसेल.

कल्चरचा नमुना औषधाची पहिली गोळी घेण्याआधी द्यावा. सुरुवातीची थोडी लघवी सोडून मधली धार निर्जंतुक बाटलीत घ्यावी आणि तास-दोन तासांत प्रयोगशाळेत पोहोचवावी. अहवालाला दोन-तीन दिवस लागतात. तोपर्यंत डॉक्टर अंदाजाने औषध देतात, मग अहवाल पाहून गरज पडल्यास बदलतात. अहवाल आणायला जायचे राहून गेले, असे होऊ देऊ नका.

पाणी, आणि जायला जागा

पाणी पिण्याचा सल्ला खोटा नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, वारंवार असा त्रास होणाऱ्या आणि कमी पाणी पिणाऱ्या १४० स्त्रियांपैकी निम्म्यांना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला सांगितले. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला. ज्यांनी पाणी वाढवले नाही, त्यांना ३.२ वेळा. म्हणजे अज्जी आणि आजी चुकल्या नव्हत्या. संसर्ग होऊ नये म्हणून त्यांचा सल्ला सोन्यासारखा आहे. ताप आल्यावर मात्र तो पुरत नाही.

पण मुली पाणी का पीत नाहीत, हेही विचारायला हवे. शाळेत आम्ही करंगळी दाखवून 'एकीला जाऊ का?' विचारायचो. कन्नड शाळेतल्या मैत्रिणी 'ओंदक्के' म्हणायच्या. दोन्ही भाषांत एकच आकडा आणि दोन्ही शाळांत एकच अडचण. स्वच्छतागृहाला कडी नाही, पाणी नाही, वास सहन होत नाही. मग मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत. भाचीच्या वसतिगृहातही स्वच्छतागृह लांब, कॉरिडॉरच्या टोकाला. रात्री एकटीने जायची भीती. सौंदत्तीच्या यात्रेला निघताना किंवा लांबच्या लग्नाला जाताना आपल्या बायका काय करतात? 'वाटेत कुठे जायचं?' म्हणून तोंडात पाण्याचा थेंब घेत नाहीत. पालकसभेत आपण गुणांबद्दल तासभर बोलतो. पुढच्या सभेत मुलींच्या स्वच्छतागृहाबद्दल पाच मिनिटे बोलूया. कडी लावली आणि नळाला पाणी आले तरी पुष्कळ काम होईल.

डॉक्टरांना नीट सांगा, कोणत्याही भाषेत

आपल्या घरांतून आई एका भाषेत सांगते, मुलगी दुसऱ्या भाषेत, डॉक्टर तिसऱ्याच भाषेत लिहितात. 'उन्हाळी' आणि 'उष्ण' या शब्दांनी डॉक्टरांना फक्त उष्णता कळते, जळजळ कळत नाही. म्हणून मुलींना हे चार शब्द दोन्ही भाषांत शिकवून ठेवा. लघवीला जळजळ म्हणजे उरिमूत्र. थंडी वाजून ताप म्हणजे चळी-ज्वर. पाठदुखी म्हणजे बेन्नु नोवु. लघवीतून रक्त म्हणजे मूत्रदल्ली रक्त. मूत्रपिंड हा शब्द तर दोन्हींकडे एकच आहे.

आणि ही लक्षणे दिसली तर वाट पाहू नका. थंडी वाजून ताप, कुशीत किंवा पाठीत दुखणे, औषध पोटात न टिकणाऱ्या उलट्या, लघवी फार कमी होणे, धाप लागणे, बोलण्यात गोंधळ, हातपाय गार पडणे. शेवटची चार दिसली तर तासाचाही उशीर नको. गर्भवती, मधुमेही, लहान मूल किंवा मूतखडा असलेला माणूस असेल तर साध्या जळजळीलाही डॉक्टरांना दाखवा.

भाचीची नळी आठवड्याने निघाली. औषधे पुढे कित्येक आठवडे चालली. परीक्षा बुडाली, ती तिने पुढच्या वेळी दिली. आता ती पाण्याची बाटली घेऊनच फिरते आणि मैत्रिणींना उरलेल्या गोळ्या देऊ देत नाही.

परवा तिच्या खोलीत नव्याने राहायला आलेल्या मुलीचा मला फोन आला. नंबर भाचीनेच दिलेला. "आत्या, अक्काने सांगितलं तुम्हाला विचार म्हणून. लघवीला जळजळतंय." तव्यावर भाकरी होती. मी गॅस बंद केला, स्टूल ओढून बसले आणि तिला विचारले, "ताप आहे का गं? पाठीत दुखतंय का? नीट सांग बघू."